प्रेक्षकाच्या त्वचेवर उमटणारे नृत्य

नृत्य पाहताना जागणारी भावना नर्तकाच्या हालचालींतून किती येते आणि साथीच्या संगीतातून किती, हा प्रश्न रसचर्चेइतकाच जुना असला, तरी आता त्याचा शोध प्रयोगशाळेतही घेतला जात आहे. भावना उचंबळली की घर्मग्रंथी सूक्ष्म प्रमाणात स्रवतात, त्यामुळे त्वचेतून वीज अधिक सहज वाहते आणि बोटांना जोडलेल्या उपकरणाने हा बदल मोजता येतो. या गुणाला त्वचेची विद्युतवाहकता म्हणतात. नाट्यशास्त्रकार भरतमुनींनी आठ सात्त्विक भावांत स्वेदाची, म्हणजे घामाची, गणना केली ती नटाच्या संदर्भात. येथे घाम मोजला जातो तो पाहणाऱ्याचा.

ज्युलिया क्रिस्टेन्सन व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात, बॅलेशी फारसा परिचय नसलेल्या प्रेक्षकांना बॅलेच्या चित्रफिती वाद्यसंगीतासह दाखवल्या, तेव्हा संगीताचा प्रभाव आनंदी हालचालींपेक्षा दुःखी हालचालींच्या आकलनावर अधिक पडला. हालचाल आनंदी की दुःखी, एवढ्यावरून त्यांच्या त्वचेची प्रतिक्रिया बदलली नाही. संथ हालचालींना करुण सुरांची किंवा जोमदार हालचालींना उल्हसित सुरांची साथ मिळाली, तेव्हा मात्र ती वाढली.

याच संशोधकांच्या २०१६ मधील प्रयोगात १९ व्यावसायिक बॅले नर्तक आणि २४ इतर व्यक्ती यांनी आवाजाविना चित्रफिती पाहिल्या, तेव्हा आनंदी आणि दुःखी हालचालींमधील भेद नर्तकांच्या त्वचेने टिपला, इतरांच्या त्वचेने नाही. याचे कारण मेंदूत शोधावे लागते. बिएट्रिझ काल्व्हो-मेरिनो यांनी २००५ मध्ये दाखवले होते की बॅले नर्तक बॅले पाहताना आणि कापोएरा या ब्राझिलियन कलेचे जाणकार कापोएरा पाहताना, त्यांच्या मेंदूतील हालचालींशी निगडित भाग परक्या शैलीच्या तुलनेत अधिक सक्रिय होतात. म्हणजे शरीराने जे आत्मसात केले आहे, ते पाहतानाही शरीर मनातल्या मनात करत असते.

मग ज्याने पाऊल कधी उचलले नाही, त्याने सुरांवरच विसंबावे काय? येथे कोरीन योला व सहकाऱ्यांचा २०१२ मधील निष्कर्ष फार मोलाचा ठरतो. स्वतः न नाचता वर्षानुवर्षे बॅले पाहत आलेल्या रसिकांच्या बाहूंचे स्नायू, बॅले पाहताना इतर प्रयोगांपेक्षा अधिक सज्ज होत असल्याचे त्यात आढळले. काव्यमीमांसक अभिनवगुप्तांनी काव्याच्या सतत अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे निर्मळ झाले त्यालाच सहृदय म्हटले होते. नृत्याच्या बाबतीत तो अभ्यास नुसत्या पाहण्यानेही घडू शकतो. म्हणून ज्या मुलांना नृत्य शिकवणे शक्य नाही, त्यांनाही नृत्याच्या मैफलींना पुन्हा पुन्हा न्यावे.