पाठीवर बोचकें आणि नाताळचा मुक्काम

उच्च शिक्षणासाठीं परदेशीं गेलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्यांस डिसेंबरची सुटी लागली, कीं त्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत एक विचार येतो. पाठीवर एक बोचकें टाकावें, स्वस्त उतारशाळांतून राहावें आणि चार-दोन देश पाहून यावे. अशा प्रवासास पैसा बेताचा लागतो व वेळापत्रकाचें बंधन नसतें. आज येथें, तर उद्यां तेथें. परंतु या स्वच्छंद भटकंतींत एक दिवस असा येतो कीं, त्या दिवशीं आपण कोठें असूं हें अगोदर ठरविल्यावांचून गत्यंतर नसतें. तो दिवस नाताळचा. ही निवड कशी करावी, याविषयीं येथें थोडें लिहावयाचें योजिलें आहे. कारण आम्हीं ती एकदां अगदीं चुकीची केली होती.

आम्ही दोघे एकाच वर्गांत शिकलेले मित्र. जर्मनींतील नाताळच्या बाजारांची कीर्ति आम्हीं पुष्कळ ऐकली होती. ड्रेस्डेन शहरचा बाजार तर १४३४ सालापासूनचा म्हणून प्रसिद्ध आहे. लांकडी दुकानें, दिव्यांच्या माळा, भाजलेले बदाम, आल्याच्या वड्यांसारखे मसालेदार केक, असें सर्व पाहावें म्हणून आम्ही २४ डिसेंबरला दिवस मावळतांना एका जर्मन शहरीं उतरलों. आमचा तर्क असा कीं, बाजार नाताळचा आहे, तेव्हां नाताळच्या रात्रीं त्यास ऊत येणार. चौकांत येऊन पाहतों, तों दुकानदार फळ्या उतरवून गाड्यांत भरीत होते! हे बाजार नाताळच्या आधींचे चार आठवडे भरतात, आणि बहुतेक ठिकाणीं २३ किंवा २४ तारखेस उठतात, हें आम्हांस तेथें उभें राहिल्यावर कळलें.

इतर दुकानें तर दुपारीं दोनच्या सुमारासच बंद झालीं होतीं. उतारशाळेच्या दाराशीं माणूस नव्हता. कुलपाचे आंकडे तेवढे आम्हांस आधीं कळविले होते. आंत स्वयंपाकघर नीटनेटकें होतें, पण शिजवावयास कांहीं नव्हतें. स्टेशनावर मिळालेले दोन पाव आणि घरून आणलेल्या लसणीच्या चटणीचा बाटलीच्या तळाशीं उरलेला अंश, एवढ्यावर ती रात्र काढावयाची होती. समोरच्या घराच्या खिडकींत दिव्यांनीं सजविलेलें झाड दिसत होतें व त्याच्या भोंवतीं आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळें कुटुंब बसलें होतें. तेवढ्यांत घरून फोन आला. तेथें सहा वाजले होते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. आईनें विचारलें, “जेवलात का रे दोघे?” “हो, पोटभर,” असें आम्हीं सांगितलें. आईशीं आम्ही सहसा खोटें बोलत नाहीं, म्हणून तें अजून स्मरतें.

त्या शहराचा यांत कांहींच दोष नव्हता. आम्हीं पाहुणे म्हणून जावयास चुकीचा सण निवडला होता. हें नीट समजण्यासाठीं आपल्याकडचेंच उदाहरण घ्यावें. एखादा परदेशी प्रवासी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं पुण्यास उतरला, तर त्याला पणत्या दिसतील, आकाशकंदील दिसतील, फटाके ऐकूं येतील. परंतु सण चालला आहे घराघरांत; आणि भाऊबिजेपर्यंत कित्येक खाणावळींचीं दारेंसुद्धां त्याला बंद आढळतील. तोच प्रवासी गणपतींत आला, तर मात्र त्याला कोणाच्या ओळखीची गरज नाहीं. १८९३ पासून हा उत्सव चौकांत आलेला आहे. त्यांत कोणीही शिरावें, प्रसाद घ्यावा, मिरवणुकींत चालावें. नाताळ हा एकच सण असला, तरी कांहीं देशांत त्याची दिवाळी झालेली आहे आणि कांहीं देशांत त्याचे गणपति. ज्याच्या पाठीवर बोचकें आहे व ज्याला त्या गांवीं घर नाहीं, त्यानें हा भेद आधीं पाहावा. बर्फ पडतें कीं नाहीं, ही गोष्ट मागाहूनची.

दिवाळीसारखा नाताळ मुख्यतः मध्य व उत्तर युरोपांत आढळतो. जर्मनींत २४ ची संध्याकाळ हाच खरा सण. पुढें २५ व २६ या दोन्ही दिवशीं सुटी व दुकानें बंद. (त्या संध्याकाळीं पुष्कळ जर्मन घरांत बटाट्याची कोशिंबीर आणि सॉसेज एवढाच साधा बेत असतो, हें मागाहून कळल्यावर आमच्या चटणी-पावाचें दुःख थोडें हलकें झालें.) चेक लोकांत नाताळच्या आधींचे कांहीं दिवस रस्त्याच्या कडेला मोठ्या टोपांत जिवंत कार्प मासे विकावयास ठेवतात, तेवढी गंमत पाहुण्यास पाहावयास मिळते, परंतु तो मासा शिजतो घरांत. लंडनची गोष्ट आणखी निराळी. तेथें २५ डिसेंबरला भुयारी गाडी नाहीं, बस नाहीं, आणि आगगाड्याही जवळजवळ नाहींतच. जो जेथें असेल त्यानें तेथेंच राहावें, किंवा पायीं अथवा सायकलीनें फिरावें. त्या दिवशीं लंडनांत विमानानें उतरून शहराच्या दुसऱ्या टोकास जावयाचें ठरविणारा मनुष्य टॅक्सीला किती पैसे देतो, तें त्यालाच ठाऊक!

पोलंडची रीत ऐकण्यासारखी आहे. तेथें २४ च्या सायंकाळीं पहिली चांदणी दिसेपर्यंत मुलें खिडकीशीं उभीं असतात, आणि ती दिसली कीं जेवणास आरंभ होतो. प्रथम एक पातळ पांढरी पोळी सर्वांनीं एकमेकांच्या हातांतील तुकडा मोडून खावयाची व शुभेच्छा द्यावयाच्या. मग बारा पदार्थ, त्यांत मांस नाहीं. आणि पानावर एक जागा रिकामी मांडून ठेवावयाची, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठीं. २०२५ पासून तेथें २४ डिसेंबरला सार्वजनिक सुटीही मिळूं लागली. ही रिकामी जागा वाचून कोणी विद्यार्थी म्हणेल, “मग तेथेंच जावें!” पण बाबांनो, ती रीत खरी असली, तरी अनोळखी दारावर जाऊन थाप मारण्याचा तो परवाना नव्हे. मात्र तेथें वर्गमित्राचें घर असेल व त्यानें बोलाविलें, तर संकोच न करितां जावें. घरच्या नाताळांत शिरण्याची वाट अशी एकच, आणि ती फार चांगली वाट आहे.

आतां दुसऱ्या प्रकाराकडे वळूं. मेक्सिकोंत १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री एक विधि चालतो. त्यास ‘पोसादा’ म्हणतात. या शब्दाचा अर्थच मुळीं उतारशाळा, धर्मशाळा. १५८७ सालीं मेक्सिको शहराजवळच्या अकोल्मान येथील मठवासीयांनीं पोपची अनुज्ञा मिळवून नाताळपूर्वीच्या नऊ उपासना सुरू केल्या, त्यांतून ही चाल वाढली असें सांगतात. बेथलेहेमांत योसेफ व मरिया यांस उतरावयास जागा मिळाली नाहीं, ती कथा येथें गाऊन खेळतात. अर्धे लोक मेणबत्त्या घेऊन दाराबाहेर उभे राहतात व उतारा मागतात. अर्धे आंतून गाण्यांतच नकार देतात. एक कडवें बाहेरचें, एक आंतलें, असें चालतां चालतां शेवटीं आंतल्यांना पाहुणे कोण आहेत हें कळतें, आणि दार उघडतें. मग सर्वच आंत. नंतर मुलें डोळे बांधून दोरीला टांगलेली रंगीत कागदांची सात टोकांची चांदणी काठीनें फोडतात व तींतून खाऊ सांडतो. मोठ्यांस गरम ‘पोंचे’ मिळतें. त्यांत पेरू असतो, उसाचे करवे असतात; घराची आठवण येण्यास तेवढें पुरे.

त्याच देशांतील ओआहाका शहरीं २३ डिसेंबरला मुळ्यांची रात्र असते. मोठमोठे लाल मुळे कोरून त्यांचीं माणसें, प्राणी, देवळें आणि बेथलेहेमचे देखावे करितात व भर चौकांत मांडतात. ही स्पर्धा १८९७ पासूनची आहे. मुळा लवकर सुकतो, म्हणून कलाकारांचें सगळें कसब एका संध्याकाळपुरतें; तें पाहावयास रांग मात्र तासांची. तेथील दुसरी एक गंमत अशी कीं, पाकांत भिजविलेली कुरकुरीत पुरी मातीच्या बशींत देतात, आणि खाऊन झाल्यावर ती बशी जमिनीवर आपटून फोडावयाची असते. आपल्याकडे मुलांनीं असें केलें, तर काय होईल हें पालकांनींच सांगावें.

फिलिपाईन्स देशांत तर सप्टेंबर लागतांच नाताळचीं गाणीं वाजूं लागतात. १६ पासून २४ पर्यंत नऊ दिवस पहांटेच्या काळोखांत मिस्सा होते, व ती आटोपून लोक बाहेर आले, कीं ख्रिस्तमंदिराच्या आवारांतच न्याहारी. केळीच्या पानावर भाजलेला तांदळाचा केक, त्याचें नांव बिबिंका. गोंव्याच्या बिबिंकेशीं नांव जुळतें, पदार्थ मात्र निराळा. बांबूच्या नळींत वाफवलेला जांभळा भात, वर खोबरें आणि गूळसाखर. घरोघरीं चांदणीच्या आकाराचे आकाशकंदील लटकतात. वसईकडच्या मंडळींस तें परकें वाटणार नाहीं. तथापि दोन सूचना कराव्याशा वाटतात. नाताळच्या आदल्या आठवड्यांत सारें मनिला शहर आपापल्या गांवीं निघतें, म्हणून बस व बोटींचीं तिकिटें फार आधीं काढावीं. आणि तेथें डिसेंबरांतही वादळें येतात. १६ डिसेंबर २०२१ रोजीं आलेल्या वादळानें त्या देशाच्या मध्य व दक्षिण भागांत मोठा विध्वंस केला होता.

ज्या देशांत नाताळ हा मुळीं राष्ट्राचा सणच नाहीं, तोही एक चांगला पर्याय होय. जपानांत २५ डिसेंबर हा कामाचा दिवस. लोक स्ट्रॉबेरीचा केक खातात, तळलेली कोंबडी खातात (ती चाल एका अमेरिकन खाणावळीच्या १९७४ मधील जाहिरातीनें रूढ केली), आणि गाड्या, दुकानें नित्याप्रमाणें चालतात. तेथें प्रवाशाची अडचण होते ती पुढें, नववर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत; कारण त्यांची दिवाळी ती. थायलंड, व्हिएटनाम येथेंही तसेंच. ऑस्ट्रेलियांत तो भर उन्हाळा. सिडनीच्या बाँडी समुद्रकिनाऱ्यावर जगभरचे बोचकेंवाले त्या दिवशीं एकत्र जमतात. पण नववर्षाच्या आतषबाजीमुळें खोल्यांचें भाडें अतोनात चढतें, तेव्हां गरिबानें विचार करूनच जावें.

ज्याची २५ तारीख हुकली, त्यानें निराश होण्याचें कारण नाहीं. जुलियस सीझरच्या पंचांगांत वर्ष वास्तविकापेक्षां सुमारें अकरा मिनिटांनीं मोठें धरलें होतें. तो फरक सांचत गेला, म्हणून १५८२ त पोप ग्रेगरीनें नवें पंचांग घातलें. पण कित्येक पौर्वात्य मंडळ्यांनीं जुनेंच ठेविलें. आज त्या दोहोंत तेरा दिवसांचें अंतर आहे. म्हणून सर्बिया, जॉर्जिया, रशिया येथें नाताळ ७ जानेवारीस येतो. युक्रेननें मात्र २०२३ पासून सरकारी सुटी २५ डिसेंबरला आणली. अर्मेनियन लोक ६ जानेवारीस सण पाळतात. आणि बेथलेहेमांत त्यांचाच नाताळ जुन्या पंचांगानें १९ जानेवारीस होतो, म्हणजे त्या एका गांवीं नाताळ तीन वेळां! परंतु २०२३ व २०२४ मध्यें युद्धामुळें तेथील सार्वजनिक समारंभ रद्द झाले होते. यात्रेच्या ठिकाणीं जातांना तेथील माणसें कोणत्या अवस्थेंत आहेत, हें पाहिल्यावांचून पाऊल उचलूं नये.

इथिओपियांतील लालिबेला येथेंही ७ जानेवारीच्या सुमारास शुभ्र वस्त्रें नेसलेले हजारों यात्रेकरू जमतात. तेथें अकरा ख्रिस्तमंदिरें अखंड खडकांतून कोरून काढलेलीं आहेत, आणि त्यांपैकीं कांहीं वेरूळच्या कैलासाप्रमाणें वरून खालीं. पाहण्याची आम्हांस फार इच्छा आहे. पण त्या प्रांतांत २०२३ पासून सशस्त्र संघर्ष पेटला, त्यामुळें सध्यां आम्हीं तो बेत बाजूस ठेविला आहे.

राहतां राहिली व्यवहाराची बाजू. युरोपांतील शेंगेन देशांच्या प्रवेशपत्रासाठीं प्रवासाच्या सहा महिने आधींपासून अर्ज करितां येतो. तो दिवाळीच्या आधींच करावा, कारण डिसेंबरांत तींच कचेरीची माणसेंही सुटीवर जातात. २४, २५ व २६ या तीन रात्री एकाच जागीं काढाव्या, आणि ती जागा स्वयंपाकघर असलेली व इतर प्रवासी राहणारी पाहावी. २३ च्या सायंकाळपर्यंत तांदूळ, डाळ, कांदे, अंडीं, दूध घेऊन ठेवावें. त्या रात्रीं कोणत्याही अनोळखी गांवीं उघडें असलेलें एक दार नक्की सांपडतें, तें ख्रिस्तमंदिराचें. आम्ही जर्मनींत त्या रात्रीं अकरा वाजतां तेथेंच जाऊन बसलों. शेजारच्या वृद्ध बाईंनीं आपलें गीतांचें पुस्तक आमच्यापुढें सरकविलें व चालू ओळीवर बोट ठेविलें. भाषा येत नव्हती, चाल मात्र शाळेंत शिकलेलीच होती.

दोन वर्षांनंतर आम्हीं ओआहाका निवडलें. एका गल्लींत दाराबाहेर घोळका गात उभा होता. आम्ही अदबीनें मागें थांबलों, तर एका मुलीनें आमच्या हातीं एकेक मेणबत्ती दिली. दार उघडलें तेव्हां आम्हीही सर्वांबरोबर आंत लोटले गेलों, आणि कोणीतरी मक्याच्या पानांत गुंडाळलेलें गरम तामाले हातावर ठेविलें. रात्रीचे नऊ वाजले होते. आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ, साडेआठ. आईचा फोन आला आणि प्रश्न नेहमींचाच. या खेपेस उत्तर देण्यास आम्हांस जरा वेळ लागला, कारण तोंडांत घास होता.