27 गुणांचा जमाखर्च

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या 2014 सालच्या नियमावलीत पात्र घडवण्याची जी एक रीत सांगितली आहे, तीत खेळाडूच्या हाती 27 गुणांची रक्कम दिलेली असते. बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, विवेक आणि प्रभाव हे सहा धर्म 8 या अंकापासून सुरू होतात, 13 पर्यंत प्रत्येक पायरीस एक गुण खर्ची पडतो, पुढच्या दोन पायऱ्यांना दोन-दोन पडतात, आणि अशा रीतीने 15 चा अंक नऊ गुणांना विकत मिळतो. 27 ला 9 ने निःशेष भाग जातो, हे हिशेबी माणसाच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. मिल्वॉकीतल्या ज्या मंडळीत मला नुसते बघत बसण्याची मुभा मिळाली, तीतल्या एका तरुण हिशेबतपासनिसाने आपल्या रानटी योद्ध्यासाठी बळ, चापल्य व काटकपणा पंधरा-पंधराने घेतले होते आणि उरलेले तिन्ही धर्म आठावरच ठेवले होते.

याच विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली प्रथम प्रसिद्ध झाला, तेव्हा असली खरेदी नव्हती. तीन फासे टाकावेत आणि येईल ती बेरीज कपाळी लिहिलेली मानावी. 18 चे भाग्य सरासरीने 216 दानांत एकदाच लाभायचे. पुढे खेळाडूस आपल्या पात्राची मुखत्यारी मिळाली, आणि मुखत्यारीमागोमाग ताळेबंद आलाच.

हिशेबी खेळाडू लढाईत एकटाच सारे राक्षस लोळवतो आणि इतरांचा विरस करतो, अशी तक्रार सर्रास ऐकू येते; मला मात्र त्याहून मोठे नुकसान दिसले ते त्याच्या स्वतःच्या मौनात. त्या रात्री ही पात्रमंडळी एका शहराच्या बंद वेशीपाशी येऊन थांबली होती. भाटाचे पात्र घेतलेल्या परिचारिकेस बोलाचालीच्या दानात 5 ची भर मिळे, योद्ध्याच्या दानातून 1 वजा होई. तेव्हा त्याने तोंड उघडणे म्हणजे साऱ्या मंडळीचा तोटा, हे गणित बिनचूक होते, आणि त्याच्यापायी तो बिचारा कितीतरी वेळ पेन्सिलीला टोक काढत बसला होता.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसलेल्या सूत्रधार बाईंना हे दिसत असावे. त्यांच्या पहारेकऱ्याने भाटाकडे ढुंकूनही पाहिले नाही.

“काय रे, एवढी तलवार घेऊन रात्रीचा कुठे निघालास?”

तरुणाने परिचारिकेकडे पाहिले. “तिला नाही, तुला विचारतोय.”

“धार लावायला,” तो म्हणाला.

“या वेळी?”

“दिवसा रांग असते.”

मेजाभोवती हशा पिकला, परंतु वीसपैलू फाशाने 6 दाखवले, त्यातून 1 गेला, आणि पहारेकऱ्याने तलवार जप्त केली. यावर त्या गृहस्थाने, पेशाला जागून, जप्तीची पावती मागितली. पहारेकरी निरक्षर निघाला. मग अक्षर येणारा कोतवाल झोपेतून उठवावा लागला, त्याला उठवले म्हणून दंड झाला, दंडाचीही पावती मागण्यात आली, आणि भाट महाशय मध्यस्थी करता करता जामीन राहून बसले. बुद्धी व प्रभाव यांच्या खाती बचत म्हणून जे 8 ठेवले होते, त्यांनीच त्या रात्रीची सारी करमणूक पुरवली. असली उणीव नेमकी कुणासमोर उघडी पाडायची, हे ताडण्यात सूत्रधाराचे अर्धे कसब असते, असे मला वाटते.

इकडे पात्राची सारी बांधणी मात्र कोतवालीच्या कोठीत अडकून पडली होती. अवजड शस्त्राचा घाव घालताना दानातून 5 वजा करून इजेत 10 वाढवून घेण्याची जी खास सवलत त्याने मिळवली होती, ती तलवारीवाचून लागू होईना. एवढ्यात वेशीबाहेर आरोळ्या उठल्या. योद्ध्याने पहारेकऱ्याची तिपाई उचलली. असल्या सापडेल त्या वस्तूने मारल्यास नियमाप्रमाणे चौपैलू फाशाइतकीच इजा होते, हे बाईंनी सांगितले मात्र, त्याने कागदाची पाठ उलटून तिपाईचा हिशेब मांडायला घेतला, आणि तिचे तीन पाय मोडून तीन शस्त्रे धरता येतील काय, अशी पृच्छा केली.