पेट्रोलचा भाव बाजार ठरवतो की सरकार?

पेट्रोल पंपावर गाडी लावली की आपण सगळ्यात आधी मीटर शून्यावर आहे का ते पाहतो. मापात फसवणूक होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. पण आपण दिलेल्या शंभर रुपयांतले तेलाचे किती आणि कराचे किती, हे त्या मीटरवर दिसत नाही. रिक्षा चालवणारा, दुचाकीवरून घरोघरी पार्सल पोहोचवणारा, भाड्याच्या ट्रॅक्टरने दोन एकर नांगरून घेणारा, अशा प्रत्येकाच्या कमाईचा मोठा हिस्सा इथे जातो. म्हणून हा हिशोब आपण एकदा नीट समजून घेऊ.

तेल डॉलरमध्ये, पगार रुपयांत

भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. ते बॅरलने मोजले जाते आणि त्याची किंमत डॉलरमध्ये ठरते. एका बॅरलमध्ये सुमारे 159 लिटर तेल असते. त्यामुळे आपल्याला पडणारी किंमत दोन गोष्टींवर अवलंबून राहते: तेलाचा जागतिक भाव आणि रुपयाची डॉलरसमोरची किंमत.

एक साधे गणित करू. जून 2014 मध्ये कच्चे तेल बॅरलला 109 डॉलरच्या आसपास होते आणि डॉलर साधारण 60 रुपयांना होता. म्हणजे कच्चे तेल लिटरला सुमारे 41 रुपये पडत होते. आता तेल 80 डॉलर आणि डॉलर 85 रुपये धरला, तर लिटरला सुमारे 43 रुपये पडतात. तेल स्वस्त होऊनही आपल्याला ते महागच पडते, कारण मधल्या काळात रुपया घसरला.

बाबासाहेबांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. चलनाची किंमत घसरली की मजुरी करणाऱ्याचे नुकसान होते, कारण वस्तूंचे भाव ज्या वेगाने वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही, हा त्यांच्या चलनविचारातला महत्त्वाचा मुद्दा होता. पंपावरचा भाव हे त्याचे आजचे उदाहरण आहे.

त्यामुळे "तेव्हा तेल 109 डॉलर होते तरी पेट्रोल 71 रुपये होते" असा मेसेज पुढे पाठवताना रुपयाचा हिशोबही मांडला पाहिजे. पण तो मांडला तरी सगळे कोडे सुटत नाही. एप्रिल-मे 2025 मध्ये कच्चे तेल 65 डॉलरच्या आसपास आले, म्हणजे लिटरला साधारण 35 रुपये. तरीही दिल्लीत पेट्रोल 95 रुपयांच्या आसपासच राहिले. मधले पैसे कुठे गेले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कागदावरची मुक्ती

पूर्वी इंधनाचे दर थेट सरकार ठरवत असे. 1 एप्रिल 2002 पासून ही पद्धत बंद झाल्याचे जाहीर झाले, पण प्रत्यक्षात सरकारचा हात सुटला नाही. जागतिक भाव वाढत गेले तेव्हा सरकारने पंपावरचे दर दाबून ठेवले आणि तेल कंपन्यांना रोख भरपाईऐवजी रोखे दिले. आजचा खर्च उद्याच्या पिढीवर ढकलण्याचाच हा प्रकार होता. त्या सरकारचीही यातून सुटका होऊ नये.

जून 2010 मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेल सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. 16 जून 2017 पासून देशभर दर रोज बदलू लागले. सरकारचे म्हणणे साधे होते: जगात भाव वाढला तर इथे वाढेल, उतरला तर इथे उतरेल.

भाव उतरला, फायदा कुणाला?

2014 च्या उत्तरार्धात जागतिक भाव कोसळले. नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. पेट्रोलवरचे शुल्क लिटरला 9.48 रुपयांवरून 21.48 वर गेले आणि डिझेलवरचे 3.56 वरून 17.33 वर.

2020 मध्ये लॉकडाऊनमुळे जगभर तेलाची मागणी आटली. एप्रिलमध्ये भारताला कच्चे तेल सरासरी 20 डॉलरच्या आसपास मिळत होते, म्हणजे लिटरला दहा रुपयेही नाही. लोकांचा रोजगार बुडाला होता, मजूर पायी गावाकडे निघाले होते. त्याच काळात, मार्च आणि मे महिन्यांत, केंद्राने शुल्क पुन्हा वाढवले. 6 मे 2020 पासून पेट्रोलवरचा केंद्राचा एकट्याचा कर लिटरला 32.98 रुपये झाला आणि डिझेलवरचा 31.83. वर्षभरानंतर, 29 मे 2021 रोजी, मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली.

नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये शुल्क कमी करण्यात आले, हेही सांगितले पाहिजे. त्यानंतर पेट्रोलवर 19.90 आणि डिझेलवर 15.80 रुपये राहिले. एप्रिल 2025 मध्ये तेल उतरताच त्यात पुन्हा दोन-दोन रुपयांची वाढ झाली. पंपावरचा दर वाढला नाही म्हणून फारसा गाजावाजा झाला नाही. पण जो दर उतरायला हवा होता तो उतरला नाही. फरकातले काही पैसे सरकारच्या तिजोरीत गेले, काही कंपन्यांकडे राहिले.

जुन्या रोख्यांचे देणे आहे म्हणून कर कमी करता येत नाही, असा युक्तिवाद केला जातो. त्या रोख्यांची मूळ रक्कम सुमारे 1.3 लाख कोटी रुपये होती. केंद्राला पेट्रोल-डिझेलच्या उत्पादन शुल्कातून 2020-21 या एकाच वर्षात साडेतीन लाख कोटींहून अधिक मिळाले. वाचकांनी स्वतःच तुलना करावी.

निवडणुकीत थांबणारा बाजार

नोव्हेंबर 2021 ते मार्च 2022 असे साडेचार महिने रोज बदलणारे दर जागचे हलले नाहीत. त्याच काळात गोवा, उत्तर प्रदेश, पंजाबसह पाच राज्यांत निवडणुका होत्या आणि जागतिक भाव वाढत होता. 10 मार्चला निकाल लागले. 22 मार्चपासून दरवाढ सुरू झाली आणि 6 एप्रिलपर्यंत पेट्रोल-डिझेल लिटरला दहा रुपयांनी महागले. त्यानंतर दर पुन्हा थिजले. मग मार्च 2024 मध्ये, लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर, दोन रुपयांची कपात झाली. दर खरोखर बाजार ठरवत असेल, तर त्याला निवडणुकीची तारीख कशी कळते?

राज्यांचा वाटा आणि राज्यांचा कर

आता यातला सर्वात कमी चर्चेचा भाग. केंद्राच्या करांतला ठरावीक वाटा वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांना द्यावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने तो 41 टक्के ठरवला. पण उपकर आणि अधिभार या वाटपात येत नाहीत. फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवरच्या 32.90 रुपयांपैकी मूळ उत्पादन शुल्क फक्त 1.40 रुपये होते. उरलेले 31.50 रुपये उपकर आणि अधिभाराचे. म्हणजे लिटरला 32.90 रुपये गोळा होत असताना सगळ्या राज्यांना मिळून वाटपात जेमतेम 57 पैसे येत होते. केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या पैशाच्या वाटणीवर बाबासाहेबांनी 1925 साली अख्खा ग्रंथ लिहिला होता. शाळा, दवाखाने, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे यांचा मोठा भार राज्यांवर असतो. त्यामुळे हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही.

राज्येही निर्दोष नाहीत. महाराष्ट्र पेट्रोलवर सुमारे 25 टक्के व्हॅट आणि त्यावर लिटरला 5.12 रुपये जादा कर घेतो. व्हॅट टक्केवारीत असल्यामुळे मूळ भाव वाढला की राज्याचे उत्पन्न आपोआप वाढते. वाहतूक खर्चाचीही भर पडते; डेपोपासून दूर असलेल्या परभणीत पेट्रोल मुंबईपेक्षा महाग मिळते. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीत नाही. ते कधी आणायचे हे जीएसटी परिषदेने ठरवायचे आहे, पण उत्पन्न सोडायला केंद्रही तयार नाही आणि राज्येही नाहीत.

एकच कर, वेगवेगळे खिसे

प्राप्तिकर कमाईनुसार वाढतो. इंधनावरचा कर मात्र आलिशान गाडीच्या मालकाला आणि रिक्षाचालकाला लिटरमागे सारखाच बसतो. ज्याच्याकडे गाडीच नाही त्यालाही तो चुकत नाही. डिझेल महागले की भाजीचा ट्रक महागतो, मळणी महागते. जानेवारी 2025 मध्ये एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले, तेव्हा डिझेलचा वाढलेला खर्च हेही एक कारण देण्यात आले. 1927 साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी जमीन महसुलाबद्दल हाच आक्षेप घेतला होता: गरीब शेतकरी असो की जहागीरदार, दर सारखाच, हा न्याय नव्हे.

आमचे म्हणणे इंधन फुकटात द्या असे नाही. दर दाबून ठेवले तर त्याचा फायदा जास्त इंधन जाळणाऱ्यालाच जास्त मिळतो, हे आपण जुन्या डिझेल अनुदानात पाहिले आहे. कर घ्यावा, पण त्याचे नियम आधी जाहीर असावेत. जागतिक भाव वाढल्यावर दर वाढणार असतील, तर उतरल्यावर ते किती उतरतील हेही लिखित ठरावे. कर उपकराच्या नावाने न घेता राज्यांना वाटा मिळेल अशा रूपात घ्यावा. जमलेल्या पैशातून एसटी आणि सार्वजनिक वाहतूक स्वस्त व्हावी. आणि पंपावरच्या पावतीवर तेलाची किंमत, केंद्राचा कर, राज्याचा कर आणि विक्रेत्याचे कमिशन वेगवेगळे छापावे.

यातली शेवटची मागणी पुरी करायला सरकारला फारसा खर्च नाही. आपल्या लोकप्रतिनिधीला पुढच्या वेळी भेटाल, तेव्हा सुरुवात तिच्यापासून करा.