विश्लेषण : गाठीत प्राणवायू कमी, तरी रेडिएशनचा गुण! एचपीव्हीमुळे काय बदलते?

गाठीतील प्राणवायूची कमतरता ही तोंड-घशाच्या कर्करोगावरील उपचारांतली जुनी अडचण. ह्युमन पॅपिलोमा विषाणूमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे झालेल्या गाठींत मात्र हे गणित बदलते.

प्राणवायू कमी झाल्यास काय होते?

गाठ झपाट्याने वाढते, पण रक्तपुरवठा अपुरा पडतो. मग पेशींत ‘एचआयएफ-१’ हे प्रथिन साठते. ते नव्या रक्तवाहिन्या तयार करणारी आणि प्राणवायूविना साखरेवर तग धरायला मदत करणारी जनुके सुरू करते. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. रेडिएशनमुळे डीएनएला झालेली इजा कायम होण्यास प्राणवायू लागतो. तो नसल्यास तेवढ्याच परिणामासाठी अडीच ते तीन पट मात्रा लागते.

विषाणू काय करतो?

एचपीव्ही-१६ मुख्यतः टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी कर्करोग घडवतो. त्याची ‘ई-६’ व ‘ई-७’ ही प्रथिने पेशीची संरक्षक प्रथिने निकामी करतात. प्रयोगशाळेत ती एचआयएफ-१ वाढवतानाही दिसली आहेत. म्हणजे या गाठींतही प्राणवायूची चणचण असते. पण त्यांच्या पेशी डीएनएची दुरुस्ती नीट करू शकत नाहीत, त्यामुळे मुळातच रेडिएशनला लवकर बळी पडतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांनंतर एचपीव्ही असलेले सुमारे ८२ टक्के, तर नसलेले ५७ टक्के रुग्ण हयात होते.

डेन्मार्कमध्ये काय आढळले?

प्राणवायूविना तगलेल्या पेशींना रेडिएशनसमोर हळवे करणारे ‘निमोराझोल’ तेथे वापरले जाते. एचपीव्हीची खूण असलेले ‘पी-१६’ प्रथिन ज्यांच्या गाठीत नव्हते, त्यांना या औषधाचा फायदा झाला. ते असलेल्यांना जादा लाभ दिसला नाही.

मग उपचार कमी करावेत का?

रेडिएशनमुळे तोंड कोरडे पडते, गिळणे अवघड होते. त्यामुळे हा मोह मोठा आहे. पण घाई महागात पडते. एचपीव्हीच्या रुग्णांना सिस्प्लॅटिनऐवजी सौम्य मानले जाणारे सेटुक्सिमॅब दिलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत जगण्याचे प्रमाण घटले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात वेगळी वाट चोखाळली गेली. तिथे पेट स्कॅनने गाठीतील प्राणवायू तपासून, निवडक रुग्णांची मात्रा ७० ऐवजी ३० ग्रेपर्यंत उतरवण्याची चाचणी झाली.

आपल्याकडे काय लक्षात घ्यावे?

भारतात तोंडाच्या कर्करोगामागे प्रामुख्याने तंबाखू, गुटखा आणि सुपारी आहे. त्या गाठींना ही सवलत लागू नाही. घशाच्या, विशेषतः टॉन्सिलच्या गाठीत मात्र पी-१६ तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. उपचारांची मात्रा स्वतःहून कमी करू नये.