जोडीदाराचे वजन (लेखांक नववा)

अमेरिकेचे सेनेटर ईगलटन यांना 1972 साली उपाध्यक्षपदाची उमेदवारी का सोडावी लागली, ती हकीकत या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु मधल्या काळात धडगावच्या एका शिक्षक वाचकांचे पत्र आले, आणि त्यातला प्रश्न इतका मुळाशी जाणारा आहे की त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. ते विचारतात की, अमेरिकेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोघांना मतदार एकाच मताने निवडतो, तर आपल्या गावचा सरपंच थेट लोकांतून निवडला जात असताना उपसरपंचाचे नाव त्याच्याच जोडीला का नसावे, आणि ते असते तर निकाल फिरले असते काय?

आपल्याकडील कायद्याने या बाबतीत बरेच हेलकावे खाल्ले आहेत. सरपंचाची थेट निवड 2017 साली आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा अंमलात आली. उपसरपंच मात्र या सर्व काळात सदस्यांनीच आपल्यामधून निवडायचा, हा दंडक कायम राहिला. अनुसूचित क्षेत्रातील सरपंचपद आदिवासींसाठी राखीव असते, उपसरपंचपदाला तसे आरक्षण नसते. त्यामुळे तापीकाठच्या मिश्र वस्तीच्या गावांतून गावातील दुसऱ्या समाजाला, आणि वर सातपुड्यात, जिथे एकेक गाव दूरदूरच्या पाड्यांत विखुरलेले असते तिथे, दुसऱ्या पाड्याला त्या जागेवर बसवून कारभाराचा समतोल राखल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. अमेरिकेतील पक्ष जोडीदार निवडताना हाच समतोल पाहतात, फक्त तो त्यांना मतदानाच्या आधी साधावा लागतो आणि आपल्याकडे तो निकालानंतर साधला जातो.

अमेरिकेतही प्रारंभी जोडी नव्हती. अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांनी नेमलेल्या प्रत्येक निर्वाचकाने दोन मते द्यावीत, सर्वाधिक मतांचा तो अध्यक्ष आणि त्याखालचा उपाध्यक्ष, अशी मूळ घटनेतील योजना होती. तिच्यापायी 1800 सालच्या निवडणुकीत जेफर्सन आणि त्यांच्याच पक्षाचे बर यांना प्रत्येकी 73 मते पडली, प्रकरण प्रतिनिधिगृहाकडे गेले आणि तेथे 36 व्या फेरीत जेफर्सन यांची निवड झाली. 1804 च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांची मते वेगळी केली, तेव्हा कोठे हा घोळ मिटला.

आता जोडीदार बदलला असता तर काय झाले असते, या प्रश्नाचे नेहमीचे उदाहरण 1960 चे. केनेडी यांनी टेक्सासच्या लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले, आणि 1952 व 1956 या दोन्ही निवडणुकांत आयझेनहॉवर यांच्या बाजूने गेलेले ते राज्य सुमारे 46 हजार मतांनी केनेडींकडे आले. जॉन्सन यांच्याऐवजी, त्या वेळी ज्यांच्या नावाचा विचार चालू होता ते मिसुरीचे सिमिंग्टन असते तर टेक्सास हातचे गेले असते, असे मीही मानतो. परंतु केनेडींची निर्वाचक मते 303 होती आणि बहुमताला 269 पुरेशी होती. टेक्सासची 24 वजा केली तरी 279 उरतात, म्हणजे केनेडी तरीही अध्यक्ष होतात. त्यांचे बहुमत जाण्यासाठी टेक्सासबरोबर उत्तर कॅरोलायनासारखे 14 मतांचे आणखी एखादे दक्षिणी राज्य फिरावे लागले असते. जॉन्सन यांनीच केनेडींना निवडून आणले, हे विधान इतक्या सहजपणे करणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करून पाहावी.

याच्या उलट दाखला 1988 चा आहे. अध्यक्षपदाचे उमेदवार डुकाकिस यांनी टेक्सासचेच सेनेटर बेन्टसन यांना सोबत घेतले. बेन्टसन यांनी, जॉन्सन यांनी 1960 साली केले होते त्याप्रमाणे, उपाध्यक्षपदाबरोबर आपल्या सेनेटच्या जागेसाठीही निवडणूक लढविली. टेक्सासच्या मतदारांनी त्याच दिवशी त्यांना सेनेटवर पुन्हा पाठविले आणि अध्यक्षपदाचे मत मात्र बुश यांच्या पारड्यात टाकले. मतदार माणसावर प्रसन्न असतो, पण त्याच्या शिफारशीवर दुसऱ्याला मत देतोच असे नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

धडगावच्या गुरुजींना माझे उत्तर मात्र याहून निराळे आहे. कोट्यवधी मतदारांच्या देशात जोडीदाराचे वजन अल्प भरते, कारण बहुतेकांना तो वर्तमानपत्रातूनच ठाऊक असतो. आपल्या गावात तो कोणाच्या शेताच्या बांधाला बांध लावून राहतो, रात्री-अपरात्री कोणाच्या मदतीला धावतो, हे प्रत्येक पाड्याला माहीत असते, आणि विजय पुष्कळदा दहा-वीस मतांचा असतो. म्हणून उपसरपंचाचे नाव सरपंचाच्या जोडीला छापले गेले असते तर आपल्या जिल्ह्यातील कितीतरी निकाल खात्रीने बदलले असते, आणि ते बदलणे इष्टच होते असे माझे मत आहे. सरपंचाच्या गैरहजेरीत दफ्तर त्याच माणसाच्या हाती जाते. अमेरिकेतही तेच घडले: 22 नोव्हेंबर 1963 रोजी केनेडींची हत्या झाली त्याच दिवशी जॉन्सन अध्यक्ष झाले, आणि 1964 चा नागरी हक्कांचा कायदा त्यांच्या सहीने झाला.

कायदा बदलेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी सरपंचपदाचा उमेदवार दारी येईल तेव्हा, तो उपसरपंचपदासाठी कोणाच्या पाठीशी उभा राहणार आहे, हे वाचकांनी त्याला मतदानापूर्वीच विचारावे. ईगलटन यांची हकीकत पुढील आठवड्यात.