घंटेची वेळ, हजेरी क्रमांक आणि संगणकाचा तर्क

निवासी शाळेचा दिवस घंटेवर चालतो, हे आमच्या माजी विद्यार्थ्यांस सांगावयास नको. आता अनेक ठिकाणी ही घंटा संगणक वाजवितो. कोणत्या वेळी ती वाजवावी हे मूळ प्रोग्राममध्ये कोरलेले नसते. ते साध्या मजकुराच्या एका वेगळ्या फाईलमध्ये लिहितात. तिला कॉन्फिगरेशन फाईल म्हणतात. वेळापत्रक बदलले की प्रोग्रामला हात न लावता तेवढी एक ओळ बदलावयाची. आमचे अनेक विद्यार्थी आज पुण्या-मुंबईत याच कामात आहेत आणि ‘मुलगा दिवसभर नेमके काय लिहितो?’ असे पालक आम्हांस विचारतात. त्यांच्यासाठी हे टिपण.

फाईलमध्ये असतात ती केवळ अक्षरे. प्रोग्रामला मात्र प्रत्येक गोष्टीचा प्रकार ठाऊक असावा लागतो: ही संख्या, हा मजकूर, ही वेळ, हे होय-नाही. मोबाइल क्रमांक अंकांत लिहिला जात असला तरी ती संख्या नव्हे. त्याची कोणी बेरीज करीत नाही. मग हा प्रकार ठरवावयाचा कोणी?

२००१ साली पुढे आलेल्या यॅमल या पद्धतीने ते काम स्वतःकडे घेतले. कंस आणि अवतरणचिन्हे यांचा पसारा नसावा, माणसाला सहज वाचता यावे, हा तिचा हेतू स्तुत्यच होता. परंतु अवतरणचिन्हांविना लिहिलेल्या मजकुराचा प्रकार ती तर्काने ठरविते. तिच्या १.१ आवृत्तीच्या नियमांप्रमाणे १२:३० ही वेळ साठाच्या पटीतील संख्या मानली जाते आणि तिचे ७५० होतात. त्याच फाईलमधील ०९:३० शून्याने सुरू होते म्हणून मजकूरच राहते! सकाळची घंटा वाजेल, जेवणाची वाजेलच असे नाही. नॉर्वे देशाचे ‘एनओ’ हे संक्षिप्त रूप ‘नाही’ असे वाचले जाते, ही गोष्ट तर संगणक क्षेत्रात प्रसिद्धच आहे.

घंटा चुकली तर कळते तरी. हजेरी क्रमांक ०१२३ हा आठाच्या पटीतील आकडा समजून ८३ केला जातो, तेव्हा संगणक चकार शब्द काढीत नाही. शिष्यवृत्तीच्या यादीत एका मुलीचा क्रमांक दुसरीच्या नावे जातो आणि खेटे घालावे लागतात ते तिच्या आईवडिलांना. २००९ च्या १.२ आवृत्तीने यांतील बहुतेक नियम काढले. तथापि पायथॉन भाषेत सर्रास वापरले जाणारे पायवायएमएल आजही १.१ चेच नियम पाळते.

दुसरा मार्ग टॉमलचा. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ही पद्धत २०१३ साली मांडली, १.० आवृत्ती जानेवारी २०२१ मध्ये आली. येथे मजकूर अवतरणचिन्हांतच लिहावा लागतो. चिन्हांविना ०१२३ लिहिल्यास टॉमल तर्क करीत बसत नाही, फाईलच नाकारते. आमच्या मते नकार हाच येथे गुण आहे, कारण चूक त्याच क्षणी उघड होते. २०२२ च्या ३.११ आवृत्तीपासून पायथॉनमध्ये टॉमल वाचण्याची सोय मुळातच आहे.

नेस्टेडटेक्स्ट याहून साधी. तीत प्रत्येक मूल्य मजकूरच असते, अवतरणचिन्हांचीही गरज नाही. कोणते मूल्य संख्या व कोणते वेळ, हे फाईल उघडणाऱ्या प्रोग्रामने आधीच जाहीर केलेल्या आराखड्यानुसार ठरते. जे बसत नाही ते परत पाठविले जाते. विद्यार्थ्यांच्या याद्यांसाठी आम्हांस हीच रीत अधिक योग्य वाटते. क्रमांक हा मजकूर आहे की संख्या, हे यादी टंकणाऱ्या लिपिकाने दर ओळीला का ठरवावे?

आपल्या मुलांना मराठीतून अशी फाईल लिहावयाची असल्यास एवढे ध्यानी असावे: टॉमलमध्ये देवनागरी मजकूर अवतरणचिन्हांत बिनदिक्कत चालतो, डावीकडचे नाव देवनागरीत असेल तर त्यालाही ती चिन्हे लागतात, आणि संख्या मात्र इंग्रजी अंकांतच लिहावी लागते. आम्ही वर छापले आहेत तसे देवनागरी अंक चिन्हांविना लिहिले, तर फाईल उघडणार नाही.