विश्लेषण : ईमेलच्या उत्तरात जुना मजकूर किती ठेवावा?
ईमेलला उत्तर दिले की आधीचा सगळा पत्रव्यवहार खाली आपोआप चिकटतो. दहाव्या उत्तराला त्यात ग्राहकाला जोडले, तर त्याच्याविषयी कार्यालयात झालेली कुजबुजही त्याच्या हाती पडते. जीमेल हा मजकूर तीन ठिपक्यांमागे दडवते. दिसत नाही, म्हणून कुणी तो खोडत नाही.

ऑक्टोबर १९९५च्या ‘आरएफसी १८५५’ या इंटरनेट शिष्टाचाराच्या दस्तऐवजातच सांगितले होते : मूळ मजकुराचा सारांश द्या किंवा संदर्भापुरताच भाग ठेवा. तीन प्रश्नांच्या मेलला नुसते ‘हो’ कळवणाऱ्यांनी तर प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर लिहिण्याची जुनी पद्धतच धरावी. काटछाट मात्र जपून. ‘पैसे देऊ, पण मार्चनंतर’ यातले ‘पैसे देऊ’ एवढेच ठेवले, तर भांडण ठरलेले.